शब्दाआधीची चांदणी

मार्च संपत आला की आमच्या गल्लीत दुपारी कुणी मोठ्यानं बोलत नाही. समोरच्या शाळेत परीक्षेचं केंद्र असतं. फाटकापाशी एक हवालदार खुर्ची टाकून बसतो आणि कडुनिंबाचा बारीक पांढरा फुलोरा त्याच्या टोपीवर पडत राहतो. कुंपणाच्या सावलीत पाण्याच्या बाटल्या घेऊन बसलेले आईबाप एकमेकांशी कुजबुजतात. वारा गरम असतो, पण त्यात आंब्याच्या मोहराचा शेवटचा वास असतो. हे दिवस मला फार आवडायचे. आता ते आले की माझ्या डोक्यात राग चढतो, आणि त्या रागाचं कारण एक क्रियापद आहे.

परवा ईरा, तू फोनवर विचारलंस. शाळेत लॅटिन घेतलं आहे, 'फेरो' या क्रियापदाचा भूतकाळ 'तुली' कसा होतो ते काही केल्या डोक्यात बसत नाही. मी चष्मा पुसून नीट उत्तर द्यायला बसले, तेवढ्यात नील, तुझा निरोप आला. कुणीतरी जगभर फिरवलेला तो मजकूर: लॅटिन ही संस्कृतची मुलगी आहे, रोमन लोक आपलेच शब्द बोलत होते. खाली जोडलेले हात, आणि तू लिहिलेलं, 'आजी, प्राउड!'

फोन मी पालथा ठेवला. तुझ्यावर रागावले नाही रे. पण तेच वाक्य, जवळजवळ त्याच शब्दांत, मी बारामतीच्या एका मैदानात ऐकलं होतं, आणि ते माझ्या नावावर खपवलं गेलं होतं. ते आता मेलबर्नहून फिरून माझ्या जेवणाच्या टेबलावर आलं. म्हणून तुम्हा दोघांना हे लिहिते आहे. अडलं तर आईकडून वाचून घ्या.

नव्वदीच्या दशकातली मधली वर्षं. तुमचे आजोबा भवानीनगरच्या साखर कारखान्यात केमिस्ट होते. आम्ही कारखान्याच्या कॉलनीत राहत होतो आणि मी बारामतीच्या एका महाविद्यालयात इंग्रजी शिकवायला रोज एसटीनं जात होते. गाळप चालू असेपर्यंत सगळ्या कॉलनीला मळीचा आंबूस गोड वास असायचा. वाळत घातलेल्या कपड्यांवर चिमणीतली काळी राख येऊन बसायची. ती फुंकर मारून उडवायची असते. पुसायला गेलं की साडीवर रेघ उठते आणि मग ती जन्मात जात नाही. संध्याकाळी एसटीतून उतरलं की फाटकापाशी उसाच्या बैलगाड्यांची रांग लागलेली दिसायची, वाढ्यांचे हिरवे शेंडे मागे लोंबत, बैल उभ्या उभ्या डुलक्या घेत. रांगेच्या टोकाला वजनकाटा.

त्या रांगेजवळून जाताना मी मनातल्या मनात लॅटिन म्हणायचे. हसू नका. पुण्याला कॉलेजात असताना एका म्हाताऱ्या परदेशी फादरांनी आम्हाला ते शिकवलं होतं. ते वर्गात येताना दारातूनच एखादं क्रियापद सुरू करत आणि आम्ही पाढ्यासारखं पुढं म्हणत असू. फेरो, फेर्स, फेर्त. मी वाहतो, तू वाहतोस, तो वाहतो. ओझं वाहणं, काहीतरी घेऊन येणं, सोसणं, या सगळ्याला तो एकच शब्द. आणि भूतकाळात आलं की एकदम 'तुली'. मी वाहिलं.

तर ईरा, तुझं उत्तर. 'तुली' हे मुळात दुसऱ्याच क्रियापदाचं रूप आहे. त्याचा मूळ अर्थ उचलणं. एका क्रियापदाचा भूतकाळ कधीतरी झिजून गेला आणि लोकांनी शेजारच्या क्रियापदाचा उचलून त्याला लावला. यात अवघड काही नाही. तू मराठीत 'मी जाते' म्हणतेस आणि काल 'मी गेले' म्हणतेस. 'जा'तून 'गे' कुठून आलं असं तू मला कधी विचारलं आहेस का?

आणि आपल्या बाजूला पाहिलंस तर फेरोचं नातं आपल्या भाराशी आहे आणि तुलीचं आपल्या तोलण्याशी. म्हणजे कारखान्याच्या फाटकाशी ते दोन्ही शब्द समोरासमोर उभे असायचे: गाडीवर भार आणि रांगेच्या टोकाला तोल. मला ते दिसायचं आणि घरी येईपर्यंत मी खूश असायचे. उसातून किती साखर उतरली ते मोजून आलेले आजोबा म्हणायचे, "आज लॅटिनचा उतारा चांगला पडलेला दिसतोय."

आता जरा नीट लक्ष द्या, कारण माझा सगळा राग याच ठिकाणाहून सुरू होतो. लॅटिनच्या शेजारी इटलीच्या डोंगरांत तिच्या बहिणी बोलल्या जात. त्या मेल्या. एका बहिणीचे काशाचे काही पत्रे सापडले, त्यांवर देवापुढे काय आणि कसं न्यावं याच्या सूचना आहेत, आणि त्यांत हेच क्रियापद आहे, 'फेर्तु', म्हणजे त्यानं न्यावं. या सगळ्या बहिणींची जी आई, तिनं मात्र एक ओळही मागं ठेवलेली नाही. मग विद्वान लोक लेकींची रूपं शेजारी शेजारी मांडतात आणि आईच्या तोंडी काय असेल ते जुळवतात. त्यावरही भांडणं आहेत. लॅटिनमध्ये 'फेर्त' आहे, संस्कृतात 'भरति'. मग लॅटिनच्या आईच्या तोंडी मधला स्वर होता आणि नंतर गळला, की मुळातच नव्हता? कुणी *फेरेति लिहितो, कुणी *फेर्ति. पण कोणत्याही बाजूचा असो, असं जुळवलेलं रूप लिहिताना प्रत्येक जण त्याच्या आधी एक चांदणी काढतो. चांदणीचा अर्थ: हे मी पाहिलेलं नाही. हा माझा अंदाज आहे.

आणि संस्कृत? ती लॅटिनची आई नव्हे. मावसबहीण. दोघींच्या आया सख्ख्या बहिणी आणि आजी एकच. त्या आजीचीही एक ओळ उरलेली नाही. तिच्याही प्रत्येक शब्दाला चांदणी आहे. संस्कृतला यानं कसला कमीपणा येतो ते मला आजवर कळलेलं नाही.

त्या वर्षी परीक्षा उरकल्या, गाळप संपून कारखान्याचा पट्टा पडला, चिमणी गप्प झाली आणि कपडे पहिल्यांदाच पांढरे वाळायला लागले. बारामतीत उन्हाळ्यात एक व्याख्यानमाला भरायची. शाळेचं मैदान, संध्याकाळी पाणी शिंपडून अंथरलेल्या सतरंज्या, शिट्ट्या मारणारा माइक. एक वक्ते आयत्या वेळी आजारी पडले आणि त्यांच्या जागी कुणीतरी माझं नाव सुचवलं. मी विषय कळवला: एका क्रियापदाची जन्मकथा. संयोजकांनी विचारलं, "बाई, याला लोक बसतील का?" मी म्हटलं, "नाही बसले तर सतरंज्या लवकर गुंडाळता येतील."

तक्ते काढायला मंगल आली. ती तेव्हा नुकतीच बी.ए.च्या शेवटच्या वर्षाची परीक्षा देऊन मोकळी झाली होती. भिगवणजवळच्या डाळजची. घरात पूर्वी मेंढरं होती, आता शेती. तिच्या आजोबांना सगळे तात्या म्हणत, आणि घरात तात्यांचा शब्द शेवटचा. मंगलला पुण्याला जाऊन भाषाशास्त्रात एम.ए. करायचं होतं. तात्या हो म्हणत नव्हते आणि नाहीही म्हणत नव्हते. जूनपर्यंत हो आलं नसतं तर घरात आलेल्या स्थळाला हो गेलं असतं. एवढं सगळं त्या उन्हाळ्यावर टांगलेलं होतं, आणि ती आमच्या ओट्यावर पालथी पडून जाड पेनानं रोमन अक्षरं काढत होती.

"मॅडम, या शब्दांच्या आधी चांदणी कशाला?"

"ते कुणी पाहिलेले नाहीत म्हणून."

"मग लिहिलेत कशावरून?"

"लेकींवरून."

ती हसली. "आमच्या आईचा फोटो केलाय तसं."

मंगलची आई ती लहान असतानाच गेली होती. तिचा एकही फोटो नव्हता. त्या भागात तेव्हा एक रीत होती. फोटो न काढताच कुणी गेलं तर स्टुडिओवाला घरातल्या इतरांचे चेहरे पाहून रंगवून द्यायचा. भिंतीवर सगळे पूर्वज आणि एक जागा रिकामी, हे लोकांना बघवत नसे. तात्यांनी भिगवणच्या स्टुडिओतून सुनेचा असा फोटो करून आणला होता.

"डोळे थोरल्या मावशीचे," मंगल सांगू लागली, "हनुवटी धाकटीची, कपाळ माझं. मला स्टुलावर बसवून कपाळाचा काढला. साडी त्यानंच कसली तरी भरलीय, हिरवी. आता सगळे म्हणतात, अगदी तिच्यासारखा आलाय. मॅडम, आधी मला आईचं काहीतरी आठवायचं. आता डोळे मिटले की तो फोटोच दिसतो."

हे बोलून ती पुन्हा तक्त्याकडे वळली आणि दर शब्दाआधी तिनं चांदणी फार काळजीपूर्वक काढली, पाच टोकांची, आतून भरलेली.

व्याख्यानाला लोक बसले. बरेच बसले. मी लेकींची गोष्ट सांगितली, काशाच्या पत्र्यांची सांगितली, भार आणि तोल सांगितला. मावसबहिणींचं सांगितलं तेव्हा बायकांच्या बाजूला हसू उमटलं, म्हणजे पोचलं होतं. चांदणीबद्दल तर मी दोनदा सांगितलं. पुढच्या रांगेत लाल पटका बांधलेले तात्या मांडी घालून बसले होते, शेजारी मंगल. ते माझ्याकडे न बघता तक्त्यांकडे बघत होते.

मग अध्यक्षीय समारोप. अध्यक्ष होते गावातले एक नामांकित वकील. आम्ही सगळे त्यांना वकीलसाहेब म्हणायचो. बोलणं असं की पंखे थांबावेत. ते उठले, माइक जवळ ओढला आणि म्हणाले, "आज बाईंनी आपल्या पदरात केवढं मोठं दान टाकलं आहे याची आपल्याला कल्पना आहे का? ज्या लॅटिनपुढे सगळा युरोप मान वाकवतो, ती लॅटिन आपल्या संस्कृतच्या मांडीवर खेळलेली पोर आहे, हे बाईंनी आज पुराव्यानिशी सिद्ध केलं. रोमचा शिपाई ओझं वाहत होता, पण शब्द कुणाचा होता? तुमचा आणि माझा."

टाळ्या. अशा टाळ्या माझ्या एकाही वाक्याला पडल्या नव्हत्या. तात्यांनी मान मागं वळवून मैदानावरून नजर फिरवली. कुणाच्या बैलजोडीनं शर्यत जिंकल्यावर मालक बघतो ना, तशी.

मी उठले. संयोजकांजवळ गेले. "मला दोन वाक्यं बोलायची आहेत."

"बाई, अध्यक्षांनंतर कुणी बोलत नसतं."

"ते चुकीचं बोलले आहेत."

"अहो, असू द्या. सत्कार आहे तुमचा."

आणि माझ्या खांद्यावर शाल पडली. उन्हाळ्यातली जाड शाल. एका हातात नारळ आला, दुसऱ्या हातात गुच्छ. मी तोंड उघडते तोवर आभार सुरू झाले होते, आणि आभार संपता संपता राष्ट्रगीत. शाल अंगावर, दोन्ही हात भरलेले आणि राष्ट्रगीताला सरळ उभी. माणसाला याहून गप्प कसं करायचं ते मला सांगा. शेवटच्या ओळीपर्यंत माझ्या कपाळावरून घाम डोळ्यांत उतरत होता आणि तो पुसायला हात नव्हता.

खाली उतरल्यावर मी वकीलसाहेबांना गाठलं. "मी असं म्हणाले नाही. याच्या उलट म्हणाले."

"तुम्ही फार काटेकोर आहात बाई." ते हसत होते. "लोकांना जरा मान ताठ करून घरी जाऊ द्या की."

"कोर्टात कराल असं? साक्षीदार म्हणेल मावसबहीण आणि तुम्ही लिहून घ्याल मुलगी?"

"कोर्टात समोर दुसरा वकील असतो," ते म्हणाले आणि गाडीत बसले.

हे त्यांचं उत्तर मी आजवर विसरलेले नाही. ते चुकून बोलले नव्हते. त्यांना कळलं होतं. समोर अडवणारं कुणी नाही एवढाच त्यांचा हिशेब होता.

मैदानाच्या फाटकाशी तात्या थांबले होते. पटका काढून त्यांनी माझ्यापुढं हात जोडले. "बाई, पोरगी जाणार पुण्याला. आमी ठरवलं. आपलं येवढं मोठं हाय ते आपल्याच पोरीनं शिकाया नगं?" मंगल त्यांच्या मागं उभी होती. तिला सगळं कळलं होतं. ती माझ्याकडे बघत होती, आणि नजरेत फक्त विनवणी होती.

दुसऱ्या दिवशी स्थानिक पेपरात मथळा आला: लॅटिन संस्कृतचीच कन्या, बाईंचं संशोधन. मी त्याच दुपारी खुलासा लिहिला, सोपा, मुद्देसूद, आणि स्वतः नेऊन दिला. तो छापला गेला. आतल्या पानावर, चौकटीत, माझी वाक्यं अर्धी कापून आणि वर मथळा घालून: बाईंचा विनय.

त्या दिवशी मी जेवले नाही. माझ्या आयुष्यात मला मूर्ख म्हणणारे भेटले, आगाऊ म्हणणारे भेटले, त्यांचा मला कधी असा राग आला नाही. पण मी स्पष्ट नाही म्हणते आहे आणि लोक त्याला लाजणं म्हणत आहेत. बाईनं नाही म्हटलं की तो विनयच असणार. पुरुषानं हाच खुलासा लिहिला असता तर 'वाद' असा मथळा आला असता. आजोबांनी पेपर वाचून घडी घातली. म्हणाले, "मी उसाचा उतारा एक सांगितला आणि सभेत अध्यक्षांनी दुसराच वाचला, तर मी राजीनामा तरी देईन. तुला तोही देता येत नाही."

मी ठरवलं, डाळजला जायचं आणि तात्यांना तोंडी सांगायचं. मंगलला ते कळलं आणि ती भर उन्हात भवानीनगरला आली. तिनं माठातलं पाणी घेतलं, पण प्यायली नाही.

"मॅडम, माझी ॲडमिशन होईपर्यंत थांबा."

"खोट्यावर तुला जायचं आहे?"

"मी तिकडं जाऊन खरंच शिकणार आहे ना? मग इथं काय बोललं गेलं त्यानं काय होतं?"

"मला होतं. माझ्या तोंडी घातलंय ते."

ती पेल्याकडे बघत म्हणाली, "मॅडम, तुम्हाला घरात कुणी शिकू नको म्हणलं होतं का?"

कुणीच नव्हतं म्हटलं. माझ्या वडिलांनी मला बोट धरून कॉलेजात नेलं होतं. माझा राग तिच्यावरही गेला. वीस-एकवीस वर्षांच्या मुलीला असा सौदा करायला लावणाऱ्या सगळ्यांवर गेला. एका पोरीला शिकायला पाठवायचं तर सगळ्या युरोपनं आधी आपल्यापुढं मान वाकवायला हवी? ती हुशार आहे, तिला आवडतं, एवढं पुरत नाही?

तरी मी गेले. मे महिना होता. भिगवणच्या पुढं धरणाचं पाणी मागं सरलं होतं, बुडालेल्या घरांची जोती उघडी पडली होती आणि दूर चिखलात रोहित पक्ष्यांची एक फिकट गुलाबी रेघ दिसत होती. एसटीच्या खिडकीच्या गजाला हात लावला तरी चटका बसत होता. तात्या ओसरीवर होते. "या बाई, बसा हितं," म्हणून त्यांनी घोंगडी झटकून अंथरली. आत भिंतीवर फोटोंची ओळ, आणि शेवटी हिरव्या साडीतली ती बाई. चंदनाचा हार. मंगलचं कपाळ मी लगेच ओळखलं.

चहा झाल्यावर मी सांगितलं. आई नव्हे तात्या, मावसबहीण. वकीलसाहेब बोलले ते माझं नव्हे.

तात्या तंबाखू मळू लागले. "मंग तितंच का न्हाय बोलला?"

"बोलू दिलं नाही."

"व्हय. शाल घातली न्हवं का." ते जरासे हसले. "आमी बी टाळ्या वाजिवल्या." मग हसू गेलं. "बाई, सगळ्या डाळजात सांगून बसलोय म्या. आता लोकास्नी काय सांगू?"

"पोरगी हुशार आहे, एवढं सांगा."

"हुशार पोरी काय कमी हायती व्हय?" ते म्हणाले. आणि तंबाखू तोंडात टाकून, "इचार करतो."

मंगल चुलीपाशी होती. ती बाहेर आली नाही. एसटीत बसल्यावर तेवढंच डोक्यात फिरत राहिलं. मी खरं सांगून आले होते आणि त्यापायी त्या मुलीचं पुणं जाणार होतं.

गेलं नाही. आणि का गेलं नाही ते ऐका. आठवड्याभरात वकीलसाहेब आपल्या जीपनं डाळजला गेले. कुणाकडून तरी कळलं होतं म्हणे. ओसरीवर बसून त्यांनी तात्यांना सांगितलं, मोठी माणसं स्वतःची मोठी गोष्ट स्वतः बोलत नसतात, बाईंचं ते वळणच आहे. आणि तात्या हो म्हणाले. पावसाळ्याच्या तोंडाला मंगल ट्रंक घेऊन पुण्याला गेली.

मला आनंद झाला. आणि मला इतका संताप आला की मी कपाटातले सगळे पेपर काढून पुन्हा लावले. माझं खरं त्या ओसरीवर तासभर बसून जे करू शकलं नाही, ते त्या माणसाच्या लबाडीनं चहाच्या एका कपात केलं. पुढं कितीतरी वर्षं ते प्रत्येक सभेत सांगत, डाळजची पोर मी पुण्याला पाठवली. तेही खोटं नव्हतं, हे सगळ्यात वाईट.

जूनच्या मध्याला तात्यांचा निरोप आला: बाई, एक डाव येऊन जावा. वारा फिरला होता, पण पाऊस नव्हता. शेतं नांगरून उघडी पडलेली. तात्यांनी मला ओसरीवर बसवलं नाही, थेट आत नेलं, सुनेच्या फोटोपुढं.

"ह्ये बगा. पोरगी जायच्या आदल्या दिशी फ्रेम उघडून बसली व्हती. म्हणली, काच पुसती. आन् ह्ये करून ठिवलंय."

फोटोच्या डाव्या कोपऱ्यात, वरच्या बाजूला, निळ्या शाईनं एक चांदणी काढलेली होती. पाच टोकांची, आतून भरलेली.

"पुसाया गेलो," तात्या म्हणाले. "पर आतनं हाय ती. काय हाय वो ह्ये?"

तिथं माइक नव्हता, अध्यक्ष नव्हते, आभार मानायला कुणी नव्हतं. माझे दोन्ही हात मोकळे होते.

"तात्या, ही खूण आम्ही शब्दांना लावतो. याचा अर्थ असा की हा चेहरा कुणी जसाच्या तसा पाहून काढलेला नाही. बहिणींवरून आणि लेकीवरून जुळवलाय. चुकलाच असेल असं नाही. पण अंदाज आहे."

ते फोटोच्या आणखी जवळ गेले. बाहेर कोंबड्या आवाज करत होत्या.

"तुमी मागं सांगत व्हता ते मला पटलं व्हतं बाई," ते म्हणाले. "वकील आला तवा बी मला ठावं व्हतं. पर भावकीला काय सांगू? मावसबहिणीपायी पोरगी पुण्याला धाडली? त्यानं आयतं बोलाया दिलं, म्या घेतलं."

म्हणजे फसलं कुणीच नव्हतं. वकीलसाहेबांना ठाऊक होतं, तात्यांना ठाऊक होतं, मंगलला ठाऊक होतं. फक्त मैदानावरच्या लोकांना कुणी सांगितलं नव्हतं, आणि ते अजूनही एकमेकांना तेच सांगत आहेत, आता फोनवरून, जोडलेले हात लावून. नील, तो निरोप पुढं पाठवू नकोस. ज्यानं तुला पाठवला त्याला विचार, चांदणी कुणी खोडली. तो हसेल. तू हसू नकोस.

मला त्या क्षणी तात्यांवर ओरडावंसं वाटलं होतं. पण ते माझ्याकडे बघतच नव्हते.

"ती नाकात बारीक मोरणी घालायची," ते म्हणाले. "ह्यात न्हाय ती. स्टुडिओवाल्याला सांगायचं ध्यानातच आलं न्हाय." मग फोटोकडे बोट करून मला विचारलं, "मंग आता हार काढू का?"

"हार राहू द्या, तात्या. चांदणीही राहू द्या."

त्यांनी मान हलवली. हार एका बाजूला घसरला होता, तो त्यांनी दोन्ही हातांनी सारखा केला. तसा तो नेमका चांदणीवर आला. ते थांबले, आणि बोटानं तो पुन्हा जरा बाजूला सरकवला.